बॅटरीला लागलेली नजर

४ ऑगस्ट, अमावस्या
जीपचं बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी भुकटी! परवा साडू रविराज आला होता. गाडीभोवती फेरी मारून म्हणाला, आबा, गाडी झ्याक ठेवलीय. तेव्हाच ओळखलं. हा ज्याचं कौतुक करतो त्याचं वाटोळं होतं. आमची म्हैस अशीच आटली. खडेमीठ फडक्यात बांधलं आणि पुरचुंडी बॅटरीवरच टांगली. आता लाव म्हणावं नजर.

९ ऑगस्ट
भुरभुर पाऊस. पुरचुंडीतून पाणी ठिबकतंय. म्हणजे नजर उतरतेय. उपाय लागू.

१३ ऑगस्ट
मोठी बातमी. चिरंजीव सुयोग मोरगावच्या सुप्रियाला पसंत! आजवर सगळ्या पोरींनी शेतकरी नवरा नको म्हणून सांगितलं. पंचवीसला तिच्याकडचे शेळगावला आमचं घर बघायला येणार. बारामती स्टँडवरून त्यांना मीच आणणार, माझ्याच जीपमधून. रविराज स्वतःची नवी गाडी देतो म्हणाला. मी फोन आपटला.

१७ ऑगस्ट
स्टार्टर नुसता कटकट करतो. वायरीच्या टोकांना हिरवा थर. रविराजनं माझ्या बायकोकडं निरोप ठेवला: टर्मिनलं गरम पाण्यानं धुवा, कोरडी करा, वरनं ग्रीस फासा, म्हंजी गंज धरायचा न्हाय. स्वतःच नजर लावायची आणि वर शहाणपण शिकवायचं. हलकट! ग्रीस आणणार नाही. मिठाची दुसरी पुरचुंडी बांधली. मोठी.

२४ ऑगस्ट
धक्का मारल्यावर गाडी सुरू झाली. झाली, हे महत्त्वाचं. सुयोग म्हणाला, आबा, पाया पडतो, उद्याच्याला काकांची गाडी घिऊ. पोटचा पोरगाही फितूर.

२५ ऑगस्ट, संध्याकाळ
पाहुणे जीपमध्ये बसले. स्टँडबाहेरच्या वळणावर गाडी बंद. मुलीचे वडील दत्तोबा धक्का मारायला उतरले, पांढरंशुभ्र धोतर चिखलात. मग रविराज आला. कुणी बोलावला? सुयोगनं. बॉनेट उघडून रविराजनं दोन्ही पुरचुंड्या वर धरल्या. म्हणाला, आबा, मिठानंच कनेक्शनं खाल्ली की! पण मीठ कशापायी? सुयोग म्हणाला, काका, तुमची नजर लागू नये म्हणून. दत्तोबांनी एकदा पुरचुंड्यांकडं बघितलं, एकदा धोतराकडं. पाहुणे रविराजच्या गाडीतून गेले. मी जीपजवळ थांबलो. कुणीतरी थांबायला हवंच होतं.

२८ ऑगस्ट
मोरगावचा होकार आला. दत्तोबांचा निरोप असा: पोरगं गुणाचं हाय, पर लग्नाची बोलणी रविराजरावांसंगं करू. सुयोगनं मला विचारलं नाही, सांगितलं. रविवारी आई आन् काका जात्याल, तुमी घरीच ऱ्हावा.
फार लागलं. पण दाखवलं नाही. मला तरी रविवारी कुठं वेळ आहे, असं ठणकावून सांगितलं.
काय काम आहे, ते कुणी विचारलं नाही.