दिवाळसणाची सायकल

।। श्री ।।

राजपुरा, बऱ्हाणपूर
२० ऑक्टोबर १९५६

चि. सौ. शोभास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणून आई रोज पोस्टमनला दारात अडवते. मी तिला सांगते, नव्या नवरीला शाई महाग असते. पण आज मलाच राहवत नाही, कारण तुझी ताई शर्यत जिंकली!

दसऱ्याला सायकल मंडळाची सीमोल्लंघनाची शर्यत झाली. पुरुषमंडळी असिरगडच्या पायथ्यापर्यंत जाऊन आपट्याची पानं घेऊन आली, ते दरवर्षीचंच. यंदा कोजागिरीला बायकांची धीमी सायकल शर्यत ठेवली होती. जी सर्वांत शेवटी पोचेल आणि पाय टेकणार नाही तिचा पहिला नंबर. गावात सायकलवाल्या बायका मोजून चार, त्यात डॉक्टरीणबाई निघतानाच आडव्या झाल्या. मी इतकी सावकाश आले की भिकन सायकलवाला मागून ओरडला की बाई, चल रही हो के थांबली हो. बक्षिसाच्या पितळी डब्यात आईने लगेच चिवडा भरून टाकला.

सायकल घेतल्यापासून बहादरपूरच्या शाळेत मी वेळेच्या आधी पोचते. पूर्वी केळीच्या गाडीवर बसून जायची तेव्हा बैलांची मर्जी सांभाळावी लागे. आता घंटी ऐकली की बाई आली हे ओळखून पोरं बाई उनी, बाई उनी करत पाट्या घेऊन बसतात. हेडमास्तर म्हणतात जानेवारीत कायम व्हाल. मात्र नवीन राज्यासाठी सगळ्या भागांतल्या शिक्षकांच्या याद्या एक होताहेत, आणि जे कायम नाहीत त्यांची हजेरी पाहून ठेवायचं की काढायचं ते ठरणार आहे. म्हणून मी या सायकलीला तळहातावरच्या फोडासारखी जपते.

एक तारखेला आमची राजधानी नागपूरहून भोपाळला जाणार आणि तुझं अकोला मुंबई राज्यात. म्हणजे दिवाळसणाला तुम्ही परराज्यातून येणार. वेशीवर जकात घेऊ का?

एक महत्त्वाचं. पाडव्याच्या पंगतीत श्रीकांतराव रीतीप्रमाणे रुसून बसतील आणि अण्णा त्यांना घरातलं हवं ते मागा म्हणतील. अण्णांनी अंगठी करून ठेवली आहे. तू त्यांच्या कानात आधीच अंगठी सांगून ठेव, म्हणजे ऐनवेळी कुणाची पंचाईत नको.

लोभ आहेच, तो तुझ्या पत्रांसारखा उशिरा पोचू नये एवढंच.
तुझी,
ताई (सुलभा)


अकोला
२६ ऑक्टोबर १९५६

ती. ताईस शोभाचा सा. न. वि. वि.

तू जिंकलीस हे वाचून मी मोठ्याने हसले, तर सासूबाईंनी माजघरातून विचारलं की एवढं काय झालं. इथे हसण्याचं कारण द्यावं लागतं. बाकी माणसं वाईट नाहीत. खायला-प्यायला भरपूर आहे, हेही ऑफिसातून वेळेवर येतात. फक्त दाराबाहेर जायचं काम निघत नाही. पाणी नळाला येतं, भाजीवाली अंगणात येते, देवळात जायचं ते सासूबाईंबरोबर, अमावस्या-पौर्णिमेला. सकाळी कॉलेजच्या मुली सायकलवरून जातात. त्या वेळी मी खिडकीपाशी भाजी चिरायला बसते.

राजघाटाजवळच्या मैदानात तू मला शिकवायचीस ते आठवतं का गं? तू सीट धरून धावायचीस आणि मी तुलाच शिव्या घालायचे. मला अजून तोल सांभाळता येईल ना? आणि सायकल आगगाडीने न्यायला काय करावं लागतं? ब्रेकच्या, म्हणजे सामानाच्या डब्यात टाकतात म्हणे. आपलं सहज विचारते.

अंगठीचं यांना सांगते. आईला म्हणावं अनारसे कर.

मी लांब असले तरी माया पातळ करू नकोस.
तुझी,
शोभा


राजपुरा, बऱ्हाणपूर
९ नोव्हेंबर १९५६

चि. सौ. शोभास आशीर्वाद. त्याच्याआधी ‘अनेक’ लिहायला आज हात धजत नाही.

तुम्ही सुखरूप पोचलात आणि सायकलही पोचली, असं श्रीकांतरावांचं कार्ड आलं. अण्णांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं.

पाडव्याच्या पंगतीत मी बासुंदी वाढत होते. अण्णांनी मागा म्हटलं आणि मी अंगठीची डबी आणायला वळलेसुद्धा होते. श्रीकांतराव ताटाकडे बघत म्हणाले की ताईंची सायकल द्या. पंगतीतले सगळे हसले. जावई थट्टा करताहेत असं वाटून मीही हसले. मग कोणी हसेना. अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले की दिली. माझ्या पगारातून घेतलेली वस्तू, पण मला विचारायला ते उठलेही नाहीत. तू पानावर खाली मान घालून बसली होतीस.

स्टेशनवर हमालाने ती ब्रेकमध्ये ढकलली तेव्हा मी फलाटावरच होते. सायकलच्या कराचा नगरपालिकेचा बिल्लासुद्धा काढून घ्यायचा राहिला.

आता केळीची गाडी मिळाली तर गाडीने, नाहीतर मी चालत जाते. भिकनकडे भाड्याने मिळतात त्या सगळ्या दांडीच्या. पातळ नेसून दांडीवरून पाय कसा टाकायचा ते मला कोणीतरी शिकवावं. अंगठी मोडून दुसरी घ्या म्हटलं, तर अण्णा म्हणतात की ती राहू दे, तुझ्या लग्नात जावयाला होईल. सायकल परत मागायची गोष्ट काढली तर आई रडायला लागते की तिकडे शोभाला बोल लागेल. या आठवड्यात माझ्या नावापुढे उशिराची लाल खूण पडायला सुरुवात झाली आहे.

तुला एकच विचारते. बिनदांडीच्या सायकलवर श्रीकांतराव बसणार नाहीत. मग ती मागायचं त्यांच्या डोक्यात आलं कुठून? मला खरं कळव आणि कशीही करून ती परत पाठव.

लोभ होता, म्हणून विचारते.
ताई


राजपुरा, बऱ्हाणपूर
१८ डिसेंबर १९५६

चि. सौ. शोभास आशीर्वाद.

महिना उलटला, तुझं उत्तर नाही. माझंच कळवते. नव्या राज्याची यादी लागली, तीत माझं नाव नाही. कारण लिहिलं आहे, वारंवार उशिरा हजर. हेडमास्तरांनी वर जाऊन सांगून पाहिलं. तिथे त्यांना विचारलं की बाई पूर्वी वेळेवर येत होत्या ना, मग आताच काय झालं. जावयाचा रुसवा कागदावर कसा लिहायचा?

शेवटच्या दिवशी मी वर्गात पाढे घेतले आणि निघाले.

मागच्या आठवड्यात अण्णा एका लग्नासाठी भुसावळला गेले होते. तिथे श्रीकांतराव भेटले. मोकळा माणूस आहे. हसत हसत बोलून गेले की मला अंगठीच हवी होती, पण शोभानेच आग्रह धरला की सायकल मागा. अण्णांनी घरी येऊन हे कौतुकाने सांगितलं, मुलगी सासरचं हित बघायला शिकली म्हणून.

मी तुझ्या पाठीवर हात ठेवून तुला वाढवलं शोभे. आता बोल.

सुलभा


अकोला
५ जानेवारी १९५७

ती. ताईस सा. न. वि. वि.

हो, मीच सांगितलं. तू ओरडशील म्हणून लिहीत नव्हते, पण आता ओरडलीच आहेस.

तुझा पगार घरात यायचा म्हणून अण्णांनी तुझं लग्न लांबवलं आणि धाकटी असून माझं उरकून टाकलं. मला शिकायचं होतं, ते कोणी विचारलं? तुझ्या प्रत्येक पत्रात तुझी शर्यत, तुझी शाळा, तुझी पोरं. मी ते भाजी चिरताना वाचायचे. मला वाटलं, तुला पगार आहे, तू सहा महिन्यांत दुसरी घेशील. मला या जन्मात कोण घेऊन देणार? एकदा घरात आली की हळूहळू यांना वळवीन, निदान देवळापर्यंत जाईन. नोकरीचं असं होईल हे मला कळलं नाही. तू पत्रात लिहिलं होतंस, पण मी ते नीट वाचलं नाही. मला सायकलच दिसत होती.

मी ती एकदाच चालवली. सासूबाई झोपल्या होत्या, अंगणात फेऱ्या मारल्या. तोल गेला नाही गं ताई! तेवढ्यात त्या उठून आल्या. रात्री त्यांनी ह्यांना सांगितलं, आणि रविवारी हे दुकानात जाऊन ती देऊन दांडीची घेऊन आले. आता ऑफिसला त्यावरूनच जातात. सुट्टीच्या दिवशी मी ती पुसते.

तुझं मी वाटोळं केलं, मला काही मिळालंही नाही. शिव्या दे, पण पत्र बंद करू नकोस.

तुझीच,
शोभा


राजपुरा, बऱ्हाणपूर
२४ फेब्रुवारी १९५७

चि. सौ. शोभास आशीर्वाद.

तुला दोन पत्रं लिहिली आणि फाडली. माझा राग गेलेला नाही, तो जावा अशी इच्छाही नाही. तू मला सांगितलं असतंस तर सुट्टीत येशील तेव्हा सायकल तुझ्याच हाती दिली असती. तू मला सोडून श्रीकांतरावांना सांगितलंस. पण अंगणातल्या फेऱ्यांचं वाचून मला रडू आलं, हेही खरं आहे.

माझं लग्न ठरलं. डोईफोडिया गावचे आहेत, नाव प्रभाकर. जंगलच्या ठेकेदाराकडे मुनीम आहेत, पहिली बायको बाळंतपणात गेली. पाहायला आले तेव्हा त्यांच्या काकांनी विचारलं की मुलगी नोकरी करते का. अण्णा लगबगीने म्हणाले की करत होती, आता सुटली. त्यावर सगळ्यांना बरं वाटलं आणि चहा आला.

मागणं फार नाही. एक अंगठी, ती तयारच होती. आणि जावयाला जंगलात जाण्यायेण्यासाठी सायकल. मला वाटलं अण्णा घासाघीस करतील. ते लगेच हो म्हणाले. मुलीच्या संसारापुढे सायकल ती काय, असं आईला म्हणत होते.

काल आम्ही भिकनच्या दुकानी गेलो. घरात सायकलीतलं कळतं ते मलाच, म्हणून अण्णांनी मला बरोबर नेलं. काळी, उंच, दांडीची निवडली. मी ब्रेक दाबून पाहिले, साखळी तपासली, मागचं चाक थोडं लचकत होतं ते भिकनकडून सरळ करून घेतलं. अण्णांनी विचारलं की कशी वाटते. मी म्हटलं चांगली आहे, पुष्कळ वर्षं टिकेल. अण्णांना चालवता येत नाही, म्हणून ते हँडल धरून पुढे चालू लागले, आणि मी मागून चालत घरी आले.

लग्न चैत्रात आहे. ये. लोभाविषयी या खेपेला काही लिहीत नाही.

सुलभा