शिरोरेषेच्या कामाची आणि सिंदी मेघेतल्या घराची निरवानिरव

मी, अनुप तानबा थूल, वय सत्तेचाळीस, राहणार सिंदी मेघे, वर्धा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवत आहे. यकृत कामातून गेले आहे. बुद्धी अजून शाबूत आहे.

१. राहते घर ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून ते पत्नी माधवी हिचे एकटीचे राहील. उपचारांतून बँकेत काही उरलेच तर तेही तिचेच. समुद्रपूरच्या शेतातला माझा हिस्सा बहीण मयुरीला द्यावा. तिने तो कधी मागितला नाही, म्हणूनच.

२. स्वस्त मॉनिटरवर देवनागरी स्वच्छ दिसावी, यासाठी मी उमेदीची सगळी वर्षे घातली. शिरोरेषा धुरकट होऊ नये, अनुस्वार मात्रेत बुडू नये म्हणून फॉन्टमध्ये अक्षरागणिक सूचना लिहिल्या. स्क्रीनच्या एकेका ठिपक्यातले लाल, हिरवे, निळे भाग वेगवेगळे उजळून अक्षरांच्या कडा रेखीव केल्या. सुरुवात आई शोभाबाईमुळे झाली. जन्मभर मजुरी करून ती उतारवयात वाचायला शिकली. बुद्धवंदना तिला पाठ होती, तरी ती संगणकावर बोट ठेवून वाची. हे काम मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आहे, सर्वांचे आहे. ते कोणाच्या नावे करता येत नाही. "पुढे कोणी सांभाळाल का?" असे मी सगळीकडे विचारले. उत्तर आले नाही.

३. आर्वीचा भूपेंद्र या कामात माझा जोडीदार होता. मी नागपूरला दवाखान्यात असताना त्याने नव्या आवृत्तीतून माझा भाग काढून टाकला. फोनवर म्हणाला, "आता कोणाजवळ आहे रे तसे जुने मॉनिटर? सांभाळाले मानसं नाई आपल्याजवळ."

आमच्या घरी होता. तो संगणक आपोआप नव्या आवृत्तीवर गेला आणि आईची अक्षरे फिसकटली. मी परत येईपर्यंत तिने वाचणे सोडले होते. मी जुनी आवृत्ती पुन्हा बसवली, हात धरून तिला बोलावले.

"राहू दे बाबू," ती म्हणाली, "माहे डोळेच गेले. काऊन उगाच खटपट करून राह्यला?"

ती पुन्हा त्या खुर्चीत बसली नाही. त्याच समजुतीत गेली. भूपेंद्रला माझ्या मातीला येऊ द्यावे. बोलू देऊ नये.

४. संगणक, मॉनिटर कोणाला द्यावा हे सुचत नाही. काल माधवी म्हणाली, "मले शिकवा. मी करीन." तिला शेजारी बसवले. 'क'ची गाठ समजावताना मला धाप लागली, बोलता येईना. तिने पाणी दिले, पाठ चोळली आणि संगणक बंद केला. म्हणाली, "समजलं मले." तिला काहीच समजले नव्हते.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, खालील दोघांसमक्ष सही करत आहे.

अनुप तानबा थूल

साक्षीदार:
बाबाराव नगराळे, शेजारी
सुलोचना ताकसांडे, शेजारी

सिंदी मेघे, दि. १८ नोव्हेंबर २०२४