तुला विचारायचं राहिलं

ठाणाकुशनूर,
१८ मे

प्रिय उमा,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मला पुष्कळ बोलायचं होतं. पण नेहमीसारखं आपण उन्हाबद्दल, माझ्या गुडघ्याबद्दल आणि आमच्या जावयांच्या, अनिलकुमारांच्या बदलीबद्दल बोललो. "सगळं बरं आहे अव्वा," म्हणून तू फोन ठेवलास. तू एकदा असं म्हटलंस की मला पुढं काही विचारावं लागत नाही. इतक्या वर्षांत मला त्याची सोयच होऊन बसली आहे. म्हणून आज कागद घेऊन बसले. दवाखान्याला सुट्टी आहे, अप्पा बस डेपोतल्या जुन्या सोबत्याकडं औरादला गेले आहेत, आणि घरात मी एकटी आहे. पत्र लांबेल. शांतपणे वाच.

या वर्षी दहावीच्या परीक्षेला माझी ड्यूटी गावातल्या हायस्कूलवर लागली होती. केंद्रावर एक नर्स बसवतात ना, ती मी. मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारची प्रयोगशाळा मला दिली होती. एक खाट, बीपीचं मशीन, ओआरएसची पाकिटं, उलटीच्या आणि पोटदुखीच्या गोळ्या. मी मनात म्हटलं, चला, तीन तास पायांना आराम. पण पहिल्याच दिवशी साडेनऊलाच दाराशी पोरं उभी. एकाच्या नाकातून रक्त येत होतं, एकीची पाळी अचानक आलेली, आणि एक मुलगा नुसताच येऊन खाटेवर बसला. म्हणाला, "सिस्टर, मला काय व्हायलंय ते मलाच कळंना." आता वर्गावर्गात कॅमेरे असतात. मान वळवली तरी बीदरला साहेबांना दिसतं, असं कुणीतरी पोरांना सांगून ठेवलेलं. काही जणांचे पाय वर्गाच्या उंबऱ्यावरच अडत होते. मी पाणी पाजत होते, पाठीवर हात ठेवत होते, आत पाठवत होते. तुझ्या बारावीला केंद्रावर अशी नर्स नव्हती. नर्स घरात होती.

त्या पोरांत पवित्रा नावाची एक मुलगी होती. बारीक अंगाची, दोन वेण्या घट्ट घातलेली, बोलताना खाली बघणारी. मराठी माध्यमातली, वर्गात पहिल्या पाचांत येणारी, असं तिच्या बाई सांगत होत्या. पहिल्या पेपरला तिला दोनदा उलटी झाली. मी बीपी बघितलं, नीट होतं. गोळी दिली आणि म्हटलं, "काय न्हाई झालं तुला, जा, लिही." ती गेली. गणिताच्या पेपरला परत आली. हाताची बोटं वाकडी झाली होती, श्वास लागला होता. मी तिला हळूहळू श्वास सोडायला लावला, बोटं चोळून दिली. वीस मिनिटं गेली. ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती आणि मी तिच्याकडं. मग ती उठली आणि वर्गात गेली.

तिचे वडील हावगेप्पा, बसस्टँडपाशी त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. पेपरच्या दिवशी दुकान बंद ठेवून गाडीवर तिला आणून सोडायचे आणि पेपर सुटेपर्यंत रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली उभे राहायचे. माणूस वाईट नाही. मला म्हणाले, "एवढं एक वर्ष निघू द्या सिस्टर, मग तिला कुणी काय बी म्हणणार न्हाई." तिचा थोरला भाऊ बसवेश तीन वर्षांमागं दहावीला तालुक्यात वरच्या नंबरानं पास झाला. आता बेंगळूरला इंजिनिअरिंगला आहे. त्याचा हसरा फोटो अजून एका क्लासच्या बोर्डावर बसस्टँडसमोर लावलेला आहे. पवित्रा रोज त्याच्याखालून शाळेत जायची. ज्याला त्याला तिला एकच विचारायचं असायचं, अण्णाच्या पुढं जाणार का मागं राहणार? सगळेच तिला हे विचारतात हे मला नंतर कळलं. तेव्हा मी पण तिला तेच विचारलं होतं, उमा. गणिताच्या पेपरला तिची बोटं चोळता चोळता, तिला बरं वाटावं म्हणून.

तुझं पोट दुखायचं ते मला तेव्हाही आठवत होतं. बारावीच्या जानेवारीपासून तुझं पोट दुखायला लागलं. बीदरच्या हॉस्टेलवरून वाचायला म्हणून सुट्टीला घरी आलीस तेव्हा तू जेवणाच्या ताटावरून उठून जायचीस. मी तुला आधी ॲसिडिटीची गोळी दिली, मग जंताची, मग म्हटलं, "नाटकं करायलीस का?" हा शब्द मी वापरला होता. तुला सायन्सला मी घातलं. तुला कॉमर्स घ्यायचं होतं, आणि फॉर्मवर सही करताना तू अप्पांकडं बघितलं होतंस, माझ्याकडं नाही. मी आयुष्यभर डॉक्टरांच्या खुर्चीमागं उभी राहिलेली बाई. मला त्या खुर्चीत तू बसलेली बघायची होती. फिजिक्सच्या पेपरला मी तुला हात धरून गेटपर्यंत नेलं. तुझा हात ओला आणि गार होता. मी नर्स आहे, असल्या हाताचा अर्थ मला कळतो. तरी मी तुला आत ढकललं.

आता पवित्राचं पुढचं सांगते. सायन्सच्या पेपरआधी दोन दिवस सुट्टी होती. पहिल्या दिवशी दुपारी ती एकटीच आरोग्य केंद्रात आली. ओपीडी संपली होती, डॉक्टर जेवायला गेले होते, मी लशींचा डबा धुवत होते. म्हणाली, "सिस्टर, पोट दुखायलंय." मी सवयीनं कपाटाकडं गेले. गोळी काढता काढता सहज म्हटलं, अभ्यास कुठवर आला? ती म्हणाली, झाला. मग पुस्तकं घेऊन बस की सावलीत, मी म्हटलं. तर म्हणाली, "पुस्तकं मामाच्या पोरीला देऊन टाकली. कंपासपेटी पण दिली. मला आता लागणार न्हाईत."

ती हे अगदी सरळ बोलली. रडत नव्हती. उलट गेल्या चार पेपरांत पहिल्यांदाच मला तिचा चेहरा शांत दिसला. परवा पेपर असलेली मुलगी आज पुस्तकं देऊन टाकते आणि शांत असते, हे बघून गोळी माझ्या हातातच राहिली. दोन वर्षांमागं आम्हाला बीदरला एक ट्रेनिंग झालं होतं. तिथल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, की असं काही दिसलं तर आडून आडून बोलू नका, सरळ विचारा. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते येत नाही. असलं तर ते बाहेर येतं. सगळ्या नर्सांनी माना डोलावल्या होत्या, मीही. पण त्या दुपारी मी कपाटाकडंच बघत राहिले. मला वाटलं, गोळी द्यावी आणि पाठवावं. वडील येतील, बघतील. मी एवढी वर्षं तेच केलेलं आहे.

मग मी गोळी परत ठेवली. तिच्याशेजारी बाकावर बसले, आणि विचारलं, "पवित्रा, मरून जावं असं वाटायलंय का तुला?"

तिनं दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "व्हय." नुसतं एवढंच. आणि मग तिला जे रडू आलं ते थांबेना. माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती रडत होती आणि मध्येच म्हणत होती, "आमच्या अप्पाला सांगू नका." मी म्हटलं, सांगावं लागंल गं, पण मी इथंच आहे, तुला सोडून कुठं जात न्हाई. डॉक्टर आले. त्यांनी बीदरच्या मानसोपचार विभागाला फोन लावला, त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच घेऊन या म्हणून सांगितलं. तोवर तिला एकटीला ठेवायचं नाही, घरात काय काय उचलून ठेवायचं, हे सगळं मी कागदावर लिहून काढलं.

हावगेप्पा दुकानातून तसेच आले. हात काळे, डोक्यावर वेल्डिंगचा चष्मा. ऐकल्यावर आधी संतापले. "काय कमी केलं हिला मी? सांगा की, काय कमी केलं?" पवित्रा भिंतीकडं तोंड करून बसली होती. डॉक्टरांनी त्यांना बाहेर नेलं, मीही गेले. व्हरांड्यात ते खालीच बसले. मी त्यांना म्हटलं, हा पेपर नाही दिला तर पुढच्या महिन्यात परत परीक्षा असते, त्याच्या पुढं आणखी एक असते, वर्ष जात नाही. तेव्हा ते जे बोलले ते मी विसरू शकत नाही. म्हणाले, "मला म्हाईत हाय सिस्टर. शाळेच्या मीटिंगला सांगितलं होतं. मीच हिला सांगितलं न्हाई. सांगितलं तर ढिली पडंल वाटलं." आणि काळ्या हातांनी त्यांनी तोंड झाकून घेतलं.

मग ते उठले, आत गेले, आणि तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले. बापलेकीचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, दार ओढून घेतलं. बाहेर आल्यावर पवित्राचा दुपट्टा काळा झालेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईवडील तिला बीदरला दाखवून आले. तिनं सायन्सचा पेपर दिला नाही. पेपरच्या दिवशी सकाळी ती आईबरोबर घरात ज्वारी निवडत बसली होती, मी ड्यूटीला जाताना बघून गेले. शेवटचा कन्नडचा पेपर मात्र मी देते म्हणाली, स्वतःहून. त्या दिवशीही तिला उलटी झाली. पण पेपर झाल्यावर ती प्रयोगशाळेत आली आणि दोन ग्लास पाणी पिऊन म्हणाली, "भूक लागली." या महिन्यात रिझल्ट लागला. पाच विषय निघाले, गणितात कसेबसे, आणि सायन्स राहिलं. हावगेप्पांनी मला फोन करून सांगितलं, लपवल्यासारखं न बोलता. पुढच्या आठवड्यात ती तो एक पेपर देणार आहे. दर पंधरा दिवसांनी बीदरला समुपदेशनाला जाते. सगळं नीट झालं असं मी म्हणणार नाही. गेल्या मंगळवारी तिची आई आली होती, पोरगी दिवसभर उठली नाही म्हणून काळजीत होती. पण आता घरात ते बोललं जातं. सकाळी तिचा बाप तिला विचारतो, आज कसं वाटायलंय, आणि ती खरं सांगते.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. तुझ्या बारावीचे दोन पेपर राहिले होते तेव्हा तू अंघोळीला गेली होतीस आणि मी तुझी बॅग आवरायला घेतली. आतल्या कप्प्यात मला गोळ्या सापडल्या. घरातल्या माझ्याच औषधांच्या कपाटातल्या, एकेक करून साठवलेल्या. मला लगेच कळलं, उमा. मी त्या उचलल्या, कपाटाची किल्ली कमरेला लावली, आणि चहा ठेवला. तू बाहेर आलीस, बॅग बघितलीस, माझ्याकडं बघितलंस. तुलाही कळलं की मला कळलं आहे. मी म्हटलं, "चहा गार होईल." उरलेल्या दोन्ही पेपरांना मी तुला बसनं बीदरला कॉलेजवर नेऊन सोडलं, परत आणलं, तुझ्या खोलीच्या दारात झोपले, पण एक शब्द विचारला नाही. अप्पांनाही सांगितलं नाही. लोक काय म्हणतील ही भीती होती, आणि त्याहून मोठी भीती ही की तू "व्हय" म्हणालीस तर मी काय करू. पुढं तू बी.कॉम. केलंस, नोकरीला लागलीस, लग्न झालं, आणि मी मनाला समजावलं की ते गेलं, संपलं. त्याला अकरा वर्षं झाली.

परवा मी अप्पांना सगळं सांगितलं. मग त्यांनी एकच विचारलं, "तिला कधी विचारणार?" म्हणून हे पत्र, उमा. माफी मागायला नाही. ती मागायचा हक्क मला आहे की नाही हे तू ठरव. परक्याच्या लेकीला मी बाकावर बसून जे विचारलं, ते पोटच्या लेकीला विचारलं नाही, ते विचारायला हे पत्र आहे. तेव्हा तुला काय होत होतं? किती दिवसांपासून होत होतं? माझ्यामुळं किती होतं? आणि आता, इतक्या वर्षांनी, ते पुन्हा कधी येतं का? शुक्रवारी सकाळच्या गाडीनं मी कलबुर्गीला तुझ्याकडं येते आहे. दोन दिवस रजा टाकली आहे. तुला बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, राग असेल तर राग काढ, मी ऐकून घेईन. पण तू काहीही सांगितलंस तरी या वेळी मी तुझ्याजवळून उठणार नाही.

तुझीच,
अव्वा