ह्यांचा हात, माझा हात

७ जानेवारी, बुधवार

उजवा कान अजून वाजतोय. सकाळी चहा गार झाला म्हणून ह्यांनी कप भिंतीवर मारला. मी पुसायला वाकले तर थप्पड. कानावरच बसली. रेवती कॉलेजला गेलती, तेवढं बरं.

काल डॉक्टरबाईंनी ह्यांना तपासून झाल्यावर मला एकटीला बसवलं. म्हणाल्या, "शोभक्का, दर खेपेला नवऱ्याचं सांगता. तुमचं कोण सांगणार? रोज चार ओळी लिहा. शरीर कसं आहे, मन कसं आहे, देवाशी कसं चाललंय. कोणाला दाखवू नका. पण खरं लिहा."

लिहिते.

श. ठीक. म. ठीक. दे. रोज दिवा लावते.

(परत वाचलं. तिन्ही खोटं. दिवासुद्धा रेवती लावते.)

९ जाने.

श. कान. दंडावरचा जुना डाग पिवळा पडलाय, त्याच्यावर नवा निळा. मांडीवर चपलेचा वळ. ब्लाऊज सगळे ढिले झालेत. झोप म्हणजे नुसतं पडणं.

म. घरातला साडीचा माग बंद पडला की छाती धडधडते. चालू असला तरी धडधडते, कारण त्या खडखडाटात ह्यांची पावलं मागून ऐकू येत नाहीत.

दे. उद्या लिहीन.

१० जाने.

आज ह्यांनी काही केलं नाही. दिवसभर ओसरीवर बसून पायाचा अंगठा बघत होते. मला त्याचंच जास्त भ्याव वाटलं.

वडगावात साडीच्या काठाचं काम म्हटलं की लोक ह्यांचं नाव घ्यायचे. आवाज कधी चढला नाही. रेवती लहान असताना मी तिच्यावर हात उगारला की मधे येऊन उभे राहायचे, म्हणायचे, मला मार. मागच्या वर्षी काकतीजवळ हायवेला गाडी घसरली, डोकं दुभाजकावर आपटलं. आता चालतात, जेवतात, सगळ्यांची नावं आठवतात. फक्त राग आणि हात, दोन्हींच्या मधे आता काही उरलेलं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, कपाळामागं माणसाला थांबवणारा भाग असतो, नेमका तोच दुखावलाय. गाडी तीच, ब्रेक गेला.

लोक म्हणतात देव पावला, माणूस वाचला. कुठला माणूस वाचला ते एकानं तरी…

१४ जाने., संक्रांत

लांब बाह्यांचा ब्लाऊज घातला. शेजारच्या मंगलाकाकू तिळगूळ द्यायला आल्या, हात हातात घेतला, बाही वर सरकली.

"हे काय गं?"

"मागाचा पट्टा लागला."

तेवढ्यात हे आतून आले. "भाईर हो," म्हणाले आणि ताट उचलून फेकलं. ताटाची कड काकूंच्या भुवईवर बसली. रक्त डोळ्यात उतरलं. पदरानं दाबत काकू म्हणाल्या, "असू दे, असू दे. डोक्याला मार हाय त्येच्या." जाताना मात्र माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "कडी लावून निजत जा, पोरी."

म. काकूंच्या रक्ताची लाज वाटली नाही. बाही वर सरकल्याची वाटली. असं का, ते कळत नाही.

१८ जाने., रविवार

लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

दुपारी मी मागावर, रेवती बाजूला सुताच्या कांड्या भरत होती. मोबाईलवर मैत्रिणीशी बोलताना हसली. ह्यांना वाटलं, आपल्यालाच हसली. वेणी धरली आणि तोंड मागाच्या लोखंडावर आपटलं. परत आपटलं. माग चालू होता तरी आवाज ऐकू आला मला.

हाताला जादा धोटा लागला, मागात सूत आरपार नेणारा. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंड. ह्यांच्या खांद्यावर घातला. वेणी सुटली. रेवती सरकत कोपऱ्यात गेली, तोंड धरून बसली. मी बघितलं. पोर सुटली होती, मी बघितलं होतं. तरी परत मारलं. हे खाली बसले, डोक्यावर हात धरला. त्या हातावर मारलं. तिथंच परत. माझ्या तोंडातनं काय काय निघत होतं ते लिहीत नाही, माझ्या आईनं ऐकलं असतं तर कान झाकले असते.

हे लहान पोरासारखे रडत होते. "आई गं, न्हाय मारणार, न्हाय मारणार."

रेवतीच ओरडली, मराठीत आणि कानडीत. "आई, बास! साकु!"

मग थांबले. माग बंद केला. खाली कापसाच्या फुसात तिचा पुढचा दात पडला होता.

१९ जाने.

मनगट मोडलंय ह्यांचं. प्लास्टर घातलं. रेवतीच्या ओठाला टाके. नर्सनं विचारलं कसं झालं. मी म्हटलं, मोरीत घसरले. आणि पोरगी? ती पण मोरीतच.

"एकाच मोरीत दोघं?"

हे माझ्याकडं बघत होते.

श. उजवा खांदा भरून आलाय. मारून मारून.

म. खरं लिहायचं म्हणून लिहिते. बरं वाटलं. पहिला घाव पोरीला सोडवायचा होता. पुढचे माझे होते. कानाचे, दंडाचे, गार चहाचे. ते बरं वाटणं अजून हातात आहे, भाकरी थापतानासुद्धा कळतं.

दे. देव्हाऱ्याकडं पाठ करून जेवले.

२१ जाने.

डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. धोट्यासकट, आणि बरं वाटलं त्याच्यासकट. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"शोभक्का, अशानं त्या घरात एक जण मरणार. कोण, ते मला सांगता येत नाही."

काही आठवडे मनोरुग्णांच्या दवाखान्यात ठेवा म्हणतात. औषधं बदलायची, आम्हा दोघांना एकमेकांपासून लांब ठेवायचं.

निपाणीला धाकट्या दिराला फोन लावला. बाळू भाऊजी. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वैनी, दादाला येड्यांच्यात ठेवणार? आमच्या घरात असं कधी झालेलं न्हाय. बाईमाणसानं जरा सोसाय पाहिजे."

"मग तुम्ही न्या."

फोन कट झाला असं वाटलं.

"नेतो की. माझा भाऊ हाय त्यो."

२३ जाने.

नेलं. गाडीत बसताना ह्यांनी विचारलं, "शोभा, तू न्हाय येणार?" मी चपला शोधायचं नाटक केलं. चपला पायातच होत्या.

२६ जाने.

झोपले. काल जेवून आडवी झाले ते रेवतीनं हलवल्यावर जाग आली. आधी हात कपाळावर गेला, मार चुकवायला. ती दोन पावलं मागं सरकली. मला बघून माझी पोर मागं सरकली.

दे. आज बसले एकदाची चौंडेश्वरीपुढं. डोळे मिटून आईला सांगितलं, त्याला ने. लग्न झाल्यापासनं ह्यांना 'त्याला' कधी म्हटलं नव्हतं. उठून डोळे उघडले तर देवी बघत होती. मी पण नजर काढली नाही. मागितलेलं परत घेतलं नाही.

३० जाने.

रेवतीला नवा दात बसवला. आरशात बघत बापाविषयी म्हणाली, "अण्णा परत आला तर मी उचगावला मावशीकडं जाणार. कायमची."

"मुद्दाम करत न्हाईत गं ते."

"ठाऊक हाय मला. तू पण मुद्दाम केलं न्हाईस, व्हय?"

ती थांबली होती उत्तरासाठी. मग कॉलेजला गेली.

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी जाऊबाईंचा फोन. नुसत्या रडत होत्या. निपाणीची बस धरली.

ह्यांना भाऊजींच्या तंबाखूच्या वखारीत ठेवलं होतं. आत पाऊल टाकलं की घसा धरतो असा उग्र वास. खांबाला बांधलेले, नायलॉनच्या दोरीनं. प्लास्टर काळं झालेलं, त्यावर माश्या. पाठीवर वळ, काही फुटलेले. लघवी झाली होती, कुणी धोतर बदललेलं नव्हतं.

बाळू भाऊजी दारात उभे. कपाळाला पट्टी, बोटाला चावा घेतलेला. आत यायला तयार नव्हते.

"वैनी, त्येनं हिचा गळा धरलता. निळी पडली ही. काठी घेतली मी. सोडवायलाच घेतली." मग खाली बसले, डोकं गुडघ्यात. "पर मला थांबताच येईना वो. तुम्ही कसं काढलं एवढे दिस?"

त्या फोनवरच्या बोलण्याची आठवण करून द्यायची होती मला. बसमध्ये तीच वाक्यं जुळवत आले होते. एकही निघालं नाही.

"मी पण हाणलंय, भाऊजी. मनगट मोरीत मोडलं न्हाय."

त्यांनी वर बघितलं. जाऊबाई आतनं विळी घेऊन आल्या. गाठ सुटत नव्हती, दोरी कापली. गळ्यावर बोटांचे ठसे होते बाईच्या, तरी कापताना ह्यांना म्हणत होत्या, "भावजी, जरा दम धरा, झालं, झालं."

गाडीत भाऊजींनी विचारलं, "वडगावला?"

"दवाखान्यात."

त्यांनी गाडी चालू केली.

काकतीला गाडी घसरली होती ती जागा आली तसे हे बिथरले. दाराशी झटायला लागले, मी धरलं तर डोक्यानं माझ्या नाकावर टोला दिला. डोळ्यापुढं पांढरं झालं. रक्त ब्लाऊजवर. भाऊजी ओरडत होते, "धर, वैनी, धर!" मी धरलं नाही. दाराला लॉक होतं. मी माझे दोन्ही हात मांडीखाली घालून बसले, दवाखाना येईपर्यंत. ह्यांचे नव्हे. माझे.

३ फेब्रु.

श. नाक सुजलंय, मोडलं नाही. तोंडानं श्वास.

म. वखारीतलं दिसत राहतं. वळ बघून आधी कणव आली नाही. आधी आलं ते असं, की मी एकटीच तशी नाही. भाऊजींसारखा माणूस दहा दिवसांत तिथं पोचला. किती हलकं वाटलं. आणि ज्याची पाठ फुटली त्याच्याकडं बघून हलकं वाटावं, ह्याला काय म्हणायचं?

९ फेब्रु.

वॉर्डात अजून भेटू देत नाहीत. भाऊजी रोज येतात निपाणीहून, बाहेर बाकावर बसतात, चहा पितात, जातात. आज म्हणाले, "लोक इचारत्यात दादा कुठं हाय. मी सांगतो, दवाखान्यात. कुठल्या, ते पण सांगतो." एवढं बोलायला त्यांना लई लागलं.

१२ फेब्रु.

मंगलाकाकूंकडं गेले. भुवईवर व्रण राहिलाय. बाही दंडापर्यंत वर केली आणि दाखवलं. म्हटलं, पट्टा नव्हता काकू. काकू म्हणाल्या, "मला काय कळलं नव्हतं व्हय?" आणि मग मी धोट्याचं सांगितलं. ते मात्र त्यांना कळलेलं नव्हतं. भाजी निवडत राहिल्या. मी निघाले तेव्हा नेहमीसारखं "बस की" म्हणाल्या नाहीत.

१६ फेब्रु., सोमवार

डॉक्टरबाईंचा फोन. नवीन औषध लागू पडतंय. शांत आहेत, पूर्ण नाही, पण आहेत. थोड्या दिवसांत सोडता येईल. घरी न्यायचं तर माग दुसरीकडं हलवा, एक धट्टाकट्टा माणूस कामाला ठेवा. नाहीतर अशा पेशंटांना सांभाळणारी एक संस्था आहे, तिथं कायमचं.

"तुमची तयारी आहे का? लगेच हो म्हणू नका. लगेच नाही पण म्हणू नका. आधी स्वतःकडं बघा."

बघते.

श. कान बराच बरा, पण घंटी कुठनंही वाजली तरी डावीकडंच मान वळते. डाग जवळजवळ गेले. दोन वेळा जेवते. पाऊण तास मागावर उभं राहिलं की खांदा बोलायला लागतो. एवढं अंग एका माणसाला सांभाळायला पुरेल. मार खायला पुरणार नाही.

म. ह्यांच्या हाताचं भ्याव कमी झालंय. माझ्या हाताचं नाही. तो एकदा सुटला तेव्हा कसं वाटलं ते त्याला माहीत आहे. रेवती जाईल, खरंच जाईल. आणि मी एकटी ह्यांच्याबरोबर, बंद घरात. आणि तरी सकाळी ओसरी झाडताना ह्यांची बसायची जागा सोडून झाडते.

दे. ह्यांचं मरण मागितलं होतं, दिलं नाही. त्याबद्दल रागावू का पाया पडू, ठरत नाही. दिवा मात्र आता मी लावते. काही मागत नाही.

२० फेब्रु., शुक्रवार

भेटू दिलं. पत्र्याची दोन स्टुलं, मधे टेबल, दारात वॉर्डबॉय. हे वाळलेत. दाढी केलेली. प्लास्टर बदललेलं, स्वच्छ. माझ्या नाकाकडं बघत होते.

"रेवती?"

"बरी हाय."

"दात?"

"बसवला."

मान हलवली. मनगट बघितलं. मग विचारलं, "हे कुणी मोडलं?"

वॉर्डबॉय दुसरीकडं बघत होता. मोरीचं तोंडाशी आलं होतं.

"मी."

रागावले नाहीत. विचार करत होते, पूर्वी काठाची नक्षी ठरवताना करायचे तसा, ओठ आत घेऊन.

"घरी नेल्यावर परत मारशील?"

"ठाऊक न्हाय." आणि विचारलंच. "तुम्ही?"

"मलाबी ठाऊक न्हाय गं."

वॉर्डबॉय कानडीत म्हणाला, "टाइम आयतु." वेळ संपली. हे उठले, चांगला हात पुढं केला. मी मागं सरले. ते बघून तेही सरले. तसेच उभे राहिलो, मधे टेबल, वॉर्डबॉय परत हाक मारीपर्यंत.

घर का संस्था, डॉक्टरबाईंना सोमवारी सांगायचंय.