अक्षरांसाठी सोडलेली जागा

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आपलं कार्यालय होतं ती इमारतही आता नाही. तिथे दुचाकींचं दुकान आहे. आज एका बैठकीतून परत आले आणि हे लिहायला बसले. बैठकीचं नंतर सांगते. आधी धायरीचं, कारण धायरीबद्दल ज्याच्याशी बोलता येईल असं आता कुणी उरलेलं नाही.

कॉलेजात तुम्ही आम्हाला कविता शिकवायचात. ‘कवीला इथे असं म्हणायचं आहे’ असं कुणी सुरू केलं की तुम्ही खडू खाली ठेवायचात. “कवीला घरी जाऊ दे. कागदावर काय आहे ते सांग.” पुढे तुम्ही नोकरी सोडून आरोग्याचा प्रचार करणाऱ्या एका संस्थेत गेलात आणि वर्षभरात मलाही बोलावून घेतलंत. शहरात तेव्हा नव्या कंपन्या येत होत्या. माझ्या वर्गातल्या मुली संगणकाचे क्लास लावत होत्या आणि मी तुमच्याबरोबर पीएमटीच्या बसने वस्त्यावस्त्यांत फिरत होते. पोस्टर लावल्यावर काही दिवसांनी परत जायचं आणि लोकांपर्यंत त्यातलं काय पोचलं ते बघायचं, हे आपलं काम. तुमचा नियम होता, चहाच्या आधी विचारायचं. चहा घेतला की आपण पाहुणे, आणि पाहुण्याने आणलेल्या चित्राला कुणी नावं ठेवत नाही. ‘आवडलं का’ हा प्रश्न तर तुम्ही बादच केला होतात. “आवडायला ते लुगडं आहे का?” चित्रात काय चाललंय एवढंच विचारायचं.

ते पोस्टर टीबीचं होतं. उजवीकडे बाजेवर बसलेली आजारी बाई, हातात औषध. डावीकडे दारात उभी घरची माणसं, तिच्याकडे बघणारी. मध्ये मोठ्या अक्षरांत ‘औषध अर्धवट सोडू नका’. घरच्यांच्या आधाराने रोगी बरा होतो, असं ते चित्र काढताना सगळ्यांच्या मनात होतं. अक्षरं मोठी हवीत म्हणून चित्रकाराने बाज बाजूला सरकवली होती. त्या जागेकडे तेव्हा कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

धायरी अजून गाव होतं. तिथे सुनेला टीबी झालेल्या एका घरी आपण गेलो तेव्हा सासू ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. पोस्टर तिच्याच भिंतीवर होतं. तुम्ही विचारता, मावशी, चित्रात काय चाललंय? ती हात न थांबवता सांगते, “आजारी बाई लांब बसलीया. घरची मानसं लांबनं बघत्यात. जवळ जायाचं न्हाई, असं हाय त्ये.” मध्ये काय लिहिलंय, असं मी विचारते. “लिवलंय कायतरी. आमाला कुठं वाचाय येतंय?” मग ती मागच्या गोठ्याकडे मान करते. “तुमी चितारलंय तसंच चाललंय आमचं. सुनंचं ताट येगळं, तांब्या येगळा, पोरगं माझ्यापाशी. काय चुकलं का आमचं?”

सून गोठ्यात पोत्यावर बसली होती. औषध वेळेवर घेत होती. बाळ जवळ घ्यायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी तिला सांगितलंही होतं, पण डॉक्टर दवाखान्यात होते आणि चित्र दारात. तिने आपल्याकडे बघितलं नाही. भिंतीला बोलावं तसं म्हणाली, “ल्योक कधी देणार माझा, त्ये न्हाई का काढलं चित्रात?”

तुम्ही सासूला बराच वेळ समजावलंत. ताट वेगळं लागत नाही, औषध चालू आहे, बाळ आईपाशी असू दे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बाई, तुमी आज आलाय, सांजच्याला जाशीला. चित्र भितीवरच ऱ्हाणार.” त्या दिवशी आपण चहा घेतलाच नाही. परतीच्या बसमध्ये तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात आणि मी गुडघ्यावर टिपण लिहीत होते. ‘संदेशाबाबत गैरसमज आढळला.’ तुम्ही वही ओढून घेतलीत आणि ते वाक्य खोडलंत. “गैरसमज कुणाचा? तिने चित्र बरोबर वाचलंय. तुझ्यापेक्षा बरोबर.” एवढं रागावलेलं मी तुम्हाला वर्गातही पाहिलं नव्हतं.

मग आपण आणखी वस्त्यांत गेलो. सगळीकडे तेच. वाचता येणाऱ्यांनीही आधी चित्र पाहिलं होतं आणि मग अक्षरं. तुम्ही अहवाल लिहिलात, त्याबरोबर चित्रकाराकडून नवं चित्र काढून घेतलंत. त्यात बाजेवर आजारी बाईशेजारी सासू टेकली होती, मांडीवर बाळ होतं आणि अक्षरं खाली होती. त्या अहवालावरची बैठक मला शब्द न् शब्द आठवते. संचालकांनी अहवाल चाळला, छान झालाय म्हणाले. मग म्हणाले, “पण बाई, चार खेडवळ बायकांच्या समजुतीवर आपण सगळी छपाई रद्दीत घालायची का?”

“रद्दी आधीच झालीय. फक्त गोळा करायचीय.”

“अहो, मूल्यमापन करावं अशी निधीची अट होती. ते आपण केलं.”

“आणि ते मानावं अशी?”

“अशी अट नव्हती.” ते हसले. टेबलाभोवतीचे सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत, उठूनही गेला नाहीत. पुढच्या महिन्यात तेच पोस्टर पुन्हा छापून आलं. या वेळी मोठ्या आकारात, चांगल्या कागदावर. बाज आणखी लांब गेली होती.

धायरीची सून नंतर आपल्याला दवाखान्यात भेटली. तिला माहेरी कात्रजला धाडलं होतं, मूल सासरीच होतं. औषध पूर्ण झालं होतं, अंगही भरलं होतं. तुम्ही तिचा हात हातात घेतलात तेव्हा ती म्हणाली, “बरी झाले की. आता त्यो मला बघून रडतो.” वर्षअखेरच्या अहवालात ती यशस्वी उपचारांत मोजली गेली. खोटं काहीच नव्हतं. तुम्ही त्यानंतर काही महिन्यांनी काम सोडलंत आणि पुन्हा कविता शिकवायला लागलात. त्याबद्दल मी कधी विचारलं नाही.

मी मात्र त्याच कामात राहिले. आता ते काचेच्या इमारतीत बसून करतात. किती लोकांनी फोनवर व्हिडिओ बघितला, कुठे थांबले, सगळं पडद्यावर आपोआप दिसतं. रेषा वर गेली की टाळ्या. सध्याचा व्हिडिओ पुन्हा टीबीचाच आहे. रोगी एका कोपऱ्यात, कुटुंब दुसऱ्यात, कारण मध्ये पैसे देणाऱ्या संस्थांची बोधचिन्हं बसवायची आहेत. मी हट्टाने वारज्याला गेले. तिथे एका बिल्डिंगचा वॉचमन टीबी झाल्यापासून जिन्याखाली एकटा झोपतो. त्याच्या बायकोने मला फोनवर व्हिडिओ दाखवला आणि अभिमानाने म्हणाली, “ह्यात दाखवलंय तसंच करतोय, मॅडम.” मी ऑफिसात येऊन ते मांडलं. माझ्या हाताखालची मुलगी हुशार आहे, मनाने चांगली आहे. ती म्हणाली, “मॅम, पॉइंट व्हॅलिड आहे, पण क्लायंटला निगेटिव्ह नको असतं. शेवटच्या स्लाइडवर घेऊ या का, लर्निंग म्हणून?” मी हो म्हटलं.

आज ती बैठक होती. माझ्या स्लाइडसाठी मी नवं चित्र करवून घेतलं होतं, शेजारी शेजारी बसलेल्या माणसांचं. तुमच्यासारखंच. पण आकडे चांगले होते, लोक खूष होते, एकेका आलेखावर बोलत राहिले. माझी स्लाइड यायच्या आधी जेवण आलं. कुणी तरी दिवे लावले. व्हिडिओ आणखी तीन जिल्ह्यांत जाईल, असं उभ्याउभ्याच ठरलं.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. तुम्ही एवढंच विचारलं असतं की, मग तू काय बोललीस. मी काही बोलले नाही. दिवे लागले तेव्हा, बाई, मला सुटल्यासारखं वाटलं.