अक्कांचा दिवा आणि आपली फोटोगाडी

येरमाळा,
आश्विन वद्य चतुर्थी, १९६१

प्रिय राघवेंद्र,

बघा, लिहिलं नाव! लग्न झाल्यापासून उखाण्याशिवाय कधी तोंडातून निघालं नाही, पण कागदावर घ्यायला कोण अडवतंय? तुमच्या आईंना, अक्कांना, वाचता येत नाही आणि पाकीट मी स्वतः चिकटवून टपालात टाकणार आहे. अक्का खुशाल आहेत. गुडघा कुरकुरतो, पण तोंड नाही कुरकुरत, ते झकास चालतं. सोलापूरच्या त्या स्टुडिओत दुसऱ्यानं काढलेले फोटो दिवसभर धुता, तर त्या पाण्यानं हात तडकले असतील. झोपताना खोबरेल लावत जा. झाली काळजी करून. आता मुख्य सांगायचं ते सांगते, आणि जरा उड्या मारतच सांगणार आहे.

तुम्ही ज्येष्ठात निघालात तेव्हा काय म्हणाला होतात, आठवतं? पाऊस सरल्यावर गाडी उघडून बघ. गेल्या वर्षीसारखंच निघालं तर लातूरच्या मल्लिनाथ शेटना देऊन टाक, त्यांना तेलाचे डबे न्यायला हवीच आहे. एवढं बोलून तुम्ही एस.टी.त चढलात, आणि मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. लई राग आला होता मला. लष्कराच्या लिलावातली ती जुनी अ‍ॅम्ब्युलन्स आपण दोघांनी मिळून रंगवली, तिच्यात काळोखी खोली केली, दोन बाकांवर अंथरुणं घालून जत्रांमागून जत्रा काढल्या. सोनारीला भैरवनाथाच्या जत्रेत फोटोगाडी आली म्हणून पोरं मागं धावायची. ती गाडी तेलाच्या डब्यांना द्यायची?

पण तुमचंही मन मला कळत होतं. गेल्या वर्षी आश्विनात, पावसाळाभर बंद ठेवलेलं मागचं दार उघडलं आणि आत जे दिसलं ते माझ्याही डोळ्यांपुढून जात नव्हतं. छतापासून बाकापर्यंत जळमटं. उंदरांनी कॅमेऱ्याचा भाता कुरतडून चाळण केलेली. बागेचा नि कारंज्याचा आपला पडदा फाडून त्यात पिल्लं घातलेली. कुंभारमाशीनं धुराच्या नळीत मातीचं घर बांधलेलं, त्यामुळं इंजिन नुसतं खोकायचं. तुम्ही पायरीवर बसलात ते दिवेलागणीपर्यंत उठला नाहीत. भाता मुंबईहून नवा आणवला, पडदा मी सांधला, पण तोवर जत्रा निघून गेल्या आणि तुमची उमेदही गेली.

म्हणून यंदा मी पदर खोचला. पाऊस लागायच्या आधी गाडीखालची सगळी भोकं काथ्यानं बुजवली. काय तर म्हणे हुशारी! उंदरांनी तोच काथ्या ओढून नेला आणि त्याचं बिछान्यासारखं घरटं केलं. मग काथ्या काढून काचेचे तुकडे चुन्यात कालवून भोकं लिंपली, तेव्हा कुठं त्यांचे दात थांबले. कपड्यात कडुनिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या. लाकडाला करंजाचं तेल. धुराच्या नळीला फडकं बांधलं. आपले ड्रायव्हर पाशामियाँ दर आठवड्याला येऊन फडकं सोडून इंजिन चालू करून बघायचे आणि जाताना बजावायचे, "भाबी, इंजन से बोलते रहो, नै तो रूस जाता." मी बोलायचे हो खरंच. तुमच्याबद्दल काय काय बोलले ते मात्र विचारू नका.

एवढं करूनही कोळी काही हटेनात. सकाळी केरसुणी घेऊन सगळी जाळी काढावी, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकीच. मी रडकुंडीला आले. श्रावणात एकदा तर केरसुणी अंगणात भिरकावून दिली आणि ठरवलं, न्या म्हणावं मल्लिनाथ शेट. तेव्हाच लक्षात आलं की मागं, जिथं कॅमेरा असतो, तिथं जाळी थोडी. सगळा जोर ड्रायव्हरच्या सीटभोवती. असं का? तिथं तर काही ठेवलेलंच नाही. नाही कसं? अक्कांचा दिवा आहे की!

गाडी घेतली तेव्हापासून अक्का तिला लक्ष्मी म्हणतात हे तुम्हाला माहीतच आहे. चातुर्मास लागला की रोज दिवेलागणीला स्टिअरिंगसमोरच्या फळीवर तेलाचा दिवा आणि गूळखोबऱ्याचा नैवेद्य. दिवा गुदमरू नये म्हणून काच चार बोटं खाली. ही काच खाली ठेवायची युक्ती कुणाची होती, सांगू का? तुमचीच! आईच्या दिव्याला वारा हवा म्हणालात. त्या फटीतून दिव्यावर पाखरं यायची, पाखरांमागं कोळी यायचे. गुळाला मुंग्या, खोबऱ्याला उंदीर, आणि खोबरं संपलं की मधल्या फळीच्या फटीतून मागं, थेट आपल्या भात्यावर. आपण बाहेरून दार लावून घेत होतो आणि आतून पंगत वाढत होतो.

आता हे अक्कांना सांगायचं कुणी? मी सांगितलं. घरात जे रामायण झालं ते लिहीत नाही. सून लक्ष्मीचा दिवा विझवायला निघाली, असं शेजारच्या चार घरांत ऐकू गेलं. अक्का जेवल्या नाहीत, म्हणून मीही जेवले नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, दिवा तुम्हीच लावा, फक्त आज लावून लगेच उतरू नका, माझ्याजवळ बसा. बसल्या, तोंड फुगवून. थोड्या वेळानं पाखरं आली. मग छतावरून एक कोळी सुतावरून खाली उतरला, त्याच्या मागं दुसरा, आणि सीटखालून एक उंदीर निघाला तो सरळ खोबऱ्याचा तुकडा उचलून आमच्यादेखत चालता झाला. जरासुद्धा भ्याला नाही. अक्का बघतच राहिल्या. मग कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं बया! म्या लक्ष्मीला जेवू घालत हुते का ह्या मेल्यांना?" आणि जे हसायला लागल्या ते मलाही आवरेना. दोघींनी भाकरी तिथंच गाडीत बसून खाल्ली आणि सांडलेला कणन् कण मागाहून वेचला, हे सांगायला नको.

दिवा अक्कांनी बंद केला नाही, मीही म्हटलं नसतं. कडुनिंबापलीकडं एक सपाट दगड मांडला, गाडीचं तोंड तिकडं केलं, आणि तिथून लक्ष्मीला दिवा दिसतो असं त्यांनीच ठरवलं. नैवेद्य दाखवायचा आणि लगेच प्रसाद म्हणून वाटून टाकायचा. काच वर चढवली, फळीची फट लिंपली. पाखरं दगडाकडं गेली, त्यांच्यामागं कोळीही तिकडंच गेले. मी शेवटची जाळी काढली आणि ती पुन्हा आलीच नाहीत. कोळी मारावा लागला नाही एकही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मल्लिनाथ शेट दोन गडी घेऊन दारात हजर. त्यांच्यासमोरच दार उघडलं. आत कडुनिंबाचा वास, बाकं कोरडी, काच लख्ख. भाता ताणून दाखवला, एक छिद्र नाही. पडदा सोडला, बाग आणि कारंजं जिथल्या तिथं. शेट म्हणाले, ते ठीक, पण फोटो काढणारा माणूस तर सोलापूरला. मला काय झालं कुणास ठाऊक. त्यांना म्हटलं, बसा. पडद्यापुढं खुर्ची टाकली, काळं फडकं डोक्यावर घेतलं आणि काढला त्यांचा फोटो. काळोख्या खोलीत इतकी वर्षं तुमच्या कोपराला कोपर लावून उभी राहिले, ते काय नुसती? फोटोत शेटच्या मिशीचा एकेक केस मोजून घ्यावा! तो छातीशी धरून ते गेले. गाडी न्यायची गोष्टच काढली नाही.

मग मी कुणाचं ऐकते? पाशामियाँनी गाडी काढली, अक्का सोबत, आणि पौर्णिमेला आम्ही तुळजापुरात! पहिल्या हाकेला इंजिन बोललं. आणि ऐका, फोटो काढणारी बाई आहे म्हटल्यावर बायकांची झुंबड उडाली. परक्या पुरुषासमोर मान वर न करणाऱ्या बायका माझ्यासमोर खुशाल हसत होत्या. एका म्हातारीनं तर जन्मात पहिल्यांदा फोटो काढून घेतला आणि स्वतःलाच ओळखेना. त्या दिवशी मला इतका आनंद झाला, इतका, की कारंज्याच्या पडद्यामागं जाऊन मी एकटीच रडून घेतलं. तुम्ही हवे होतात.

हे सगळं कशासाठी लिहिलं ते आता सांगते. परत या म्हणून पाया पडायला नाही. सोमवारी गाडी मुरुमच्या बाजाराला निघते. चालवणार पाशामियाँ, त्यांच्याशेजारी मी, कॅमेरा माझ्या हातात. पण दिवसभर फोटो काढून ते धुवायला मला सवड होत नाही, आणि काळोख्या खोलीत तुमच्यासारखा हात कुणाचा नाही. तेव्हा मला फोटो धुणारा माणूस हवा आहे. परक्याकडं हेच काम करता ना? मग माझ्याकडं करा. मालकीण तोंडाळ आहे, पण गरम भाकरी वाढते आणि तिला तुमच्यावाचून करमत नाही. सोमवारच्या आत घरी या. नाही जमलं तर तिकडून एस.टी.नं थेट मुरुम गाठा आणि पत्ता विचारत बसू नका. बायकांची रांग दिसेल, तिच्या टोकाला मी आहे.

तुमचीच, आणि यापुढं तुमची मालकीणसुद्धा,
वनमाला