चेरीतालच्या गल्लीत चौदा गाड्या

१० नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा उशीर! नेपियर टाउनच्या दवाखान्यांना औषधं दहापर्यंत पाहिजेत, पोचली पाऊण वाजता. डॉक्टरांचे फोन मलाच. गोदाम चेरीतालला घ्यायचं मीच ठरवलं, मग ऐकणारही मीच. मालक विष्णुपंत एकच म्हणतात, "प्रणोती, अजून दोन गाड्या घे." दोन महिन्यांत नऊच्या चौदा केल्या. उशीर वाढूनच राहिला.

१२ नोव्हेंबर

थकले. जेवले नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज गौतम ड्रायव्हरच्या तीनचाकीत बसून गेले. गोदामाच्या दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंत छत्तीस मिनिटं! जागा निवडताना मी हेच मोजलं होतं — सहा मिनिटं. कशावर? माझ्या स्कूटीवर! भाजीच्या ठेल्यांमधून, गाईच्या बाजूनं काढली असेल मी. भरलेली गाडी तशी निघते का? बावळट कुठली! स्वतःचीच लाज वाटली.

आणि समोर अडलं कोण होतं? आमच्याच गाड्या. गल्ली एकाच गाडीपुरती; एक भरून बाहेर येते, एक रिकामी आत शिरते, मागे घ्यायला कोणी तयार नाही. दुसरा ड्रायव्हर नथ्थू तर इंजिन बंद करून चहाला गेला.

"दीदी, गाड्या काहून वाढवून राहिल्या?" गौतम म्हणाला. "पाच कमी करा. सब निकल जाएगा."

इतकं साधं! आणि मी महिनाभर कॉम्प्युटरवर तक्ते करत बसले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

विष्णुपंतांना सांगून टाकलं — चूक माझी, स्कूटीवर मोजलं. वाटलं, ओरडतील. नाही ओरडले. "गोदाम आता हलत नाही, तीन वर्षांचा करार आहे. सोमवारपासून आठवडाभर नऊच गाड्या लावून बघ." पाच ड्रायव्हरांना भरपगारी सुट्टी दिली. गौतमही त्यांतच, खूश. "चलो, पोरीला भेडाघाट दाखवतो!"

१८ नोव्हेंबर

साडेनऊच्या आत सगळं पोचलं! कालही. विश्वास बसत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आठवडाभर एकही तक्रार नाही. विष्णुपंतांनी खोव्याची जलेबी मागवली. खाता खाताच म्हणाले, "नऊच ठेवू. जे पाच शेवटी कामाला लागले, त्यांना काढल्याचं सांगून दे." गौतम सगळ्यात शेवटी लागला. मीच लावला त्याला. भांडले, म्हटलं हे त्याच्याच डोक्यातून आलं. ऐकलं नाही.

२२ नोव्हेंबर

गौतमला फोन लावला. मी बोलायच्या आधीच तो — "जमलं ना दीदी? मी म्हटलं होतं!"

हो म्हटलं. काढल्याचं न सांगताच फोन ठेवला. सोमवारी आठ वाजता तो कामावर येणार आहे.